नानांची नवी बॅटरी

आमचे चुलत सासरे, म्हणजे नाना, यांनी आयुष्यात एक वस्तू सोडली तर कशावरच विश्वास ठेवलेला नाही. दूध उतू गेलेलं डोळ्यांनी दिसत असलं तरी ते बोट बुडवून बघतात, आणि भाजलेलं बोट तोंडात धरून "व्हय, उकाळलंय" असं सांगतात. खुर्चीत बसायच्या आधी ती हलवून बघतात. एसटीत चढायच्या आधी तिच्या चाकाला लाथ मारतात. ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढलं तर त्यालाच विचारतात, "हवा कवा बगितलीस?" दुकानातून काडेपेटी घेतली तर एक काडी तिथेच ओढणार, आणि ती पेटली तरी "ही पेटली, बाकीच्यांचं काय?" म्हणून दुकानदाराकडे बघत राहणार. लष्करात ते ड्रायव्हर होते. गाडी तपासल्याशिवाय फाटकाबाहेर न्यायची नाही, असा तिथला नियम असायचा म्हणे. नाना निवृत्त होऊन घरी आले, नियम काही निवृत्त झाला नाही. भावकीतल्या एका लग्नात मंगलाष्टका चालू असताना त्यांना मांडवाच्या खांबाचा संशय आला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरून असा काही हलवला की वरचं कापड सुटून वरपक्षाच्या डोक्यावर आलं. कापडाखालून सगळे ओरडत होते आणि नाना शांतपणे म्हणत होते, "बगा, म्या म्हनलं नव्हतं? ढिला हुता."

अशा माणसाने जुनी गाडी विकत घ्यावी हे नवलच. पण लष्करात दुसऱ्याच्या गाड्या चालवून झाल्या, आता एक आपली असावी, एवढी एकच हौस त्यांनी उराशी धरली होती. कऱ्हाडच्या एका डॉक्टरांची पांढरी गाडी त्यांनी घेतली. ती दारात आली त्या दिवशी नानींनी ओवाळली, नानांनी चारी चाकांना लाथा मारल्या, आणि पुढची चार-पाच वर्षं दोघांचंही समाधान टिकलं. नंतर गाडीला ते सुरू झालं.

ते म्हणजे काय, हे सांगणं अवघड आहे, कारण ते असायचं आणि नसायचं. सकाळी हॉर्न दाबला तर नुकत्याच जन्मलेल्या करडासारखा आवाज यायचा, आणि विट्याला जाऊन आलं की तोच हॉर्न म्हशी उधळाव्यात असा वाजायचा. घड्याळ सारखं बारावर जाऊन बसायचं. उजवीकडे वळायचा दिवा लावला की पुढचे दिवे त्याच्या तालावर मिणमिणायचे. खिडकीची काच अर्ध्यावर येऊन थांबायची आणि मग मनात आलं की आपली आपण वर जायची. बरं, मिस्त्रीसमोर उभी केली की गाडी अशी गुणी व्हायची, पाहुण्यांसमोर पोरं होतात तशी. नाना हात जोडून म्हणायचे, "अरं, आत्ता घरनं निगताना सगळं बंद हुतं रं!" आणि मिस्त्री म्हणायचा, "मग घरलाच काय तरी असंल, नाना."

एकदा सांगलीला हळदीच्या बाजारात दारांची कुलपं आपोआप लागली आणि नानी आत राहिल्या. किल्ली आत, नाना बाहेर. काच नेहमीप्रमाणे अर्ध्यावर अडकलेली, म्हणजे हात निघेल पण माणूस निघणार नाही. भोवती हमाल आणि गिऱ्हाइकं जमली. जो तो सल्ला देऊ लागला. नानी मोठ्या खंबीर. त्यांनी काचेच्या फटीतून केळी विकत घेतली, एका बाईकडून हळदीचा भाव विचारून घेतला आणि नानांना म्हणाल्या, "आवं, मला काडायची घाई न्हाई. पर सांजच्याला म्हशीची धार कोन काडनार, ते तेवडं बगा." थोड्या वेळाने कुलपं टक टक करून आपली आपण उघडली. नाना दार धरून उभे राहिले आणि नानी मोटारीतून उतरणाऱ्या पुढाऱ्यासारख्या उतरल्या.

या दुखण्यावर नानांनी केलेले उपाय लिहायचे तर कागद पुरणार नाहीत. आधी त्यांना उंदराचा संशय आला. त्यांनी बोनेटमध्ये डांबरगोळ्या ठेवल्या, आणि गाडीला सगळा हिवाळाभर कपड्यांच्या ट्रंकेसारखा वास येत राहिला. मग वायर बदलली. मग फ्यूज. मग इंजिनाच्या जोरावर बॅटरी भरणारं ते यंत्र असतं, ते मिरजेहून नवं आणलं. नानींनी समोर लिंबू-मिरची बांधली, तर नानांनी ती सोडली. "लिंबाचं पानी गळलं तर लाईन शॉर्ट हुईल." नानी म्हणाल्या, "आता आनि काय शॉर्ट व्हायचं ऱ्हायलंय?"

या सगळ्यात माझं काम होतं किल्ली फिरवायचं. आमचं घर नानांच्या घराला लागूनच, मधे एक भिंत. सकाळी भाकरी तव्यावर असताना पलीकडून हाक यायची, "सूनबाई, किल्ली!" मी तवा उतरवून, डोक्यावर पदर घेऊन गाडीत जाऊन बसायची. नाना बोनेटात कमरेपर्यंत गेलेले. तिथून आज्ञा यायची. "मार सेल्फ! बास! दिवा लागला का?" सासऱ्यांसमोर मोठ्याने बोलायची मला सवय नाही, आणि हळू बोललेलं बोनेटात पोचत नाही. मग मी हॉर्नने उत्तर द्यायची. एकदा वाजवला तर लागला, दोनदा वाजवला तर नाही. नानांनी ते कधी ठरवून दिलं नाही, पण त्यांना ते पटलं. गल्लीतल्या बायका मात्र पाण्याला जाताना हसायच्या. "काय गं, आज सासऱ्याशी लय बोलत हुतीस?"

नानांचा जिच्यावर विश्वास होता ती एकच वस्तू म्हणजे त्या गाडीची बॅटरी. तिच्याकडे ते बोट दाखवू द्यायचे नाहीत. रोज सकाळी माझ्याकडून तांब्याभर गरम पाणी मागून ते तिच्या टोकांवर जमलेली पांढरी-हिरवी भुकटी धुवायचे, गळ्यातल्या पंच्याने ती पुसायचे, आणि पुसताना त्यांचा हात असा फिरायचा की मला दुसरीकडे बघावं वाटायचं. कारण ती त्यांच्या मुलाने बसवलेली होती.

आमच्या भागातली पोरं गलाईच्या धंद्याला लांब लांब जातात. जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून द्यायचं, असा तो धंदा. नानांच्या मुलाचं दुकान खाली तमिळ मुलखात आहे, आणि माझा नवरा त्याच दुकानात त्याच्या हाताखाली आहे. लोकांचं सोनं असतं, दुकान परक्यावर टाकून येता येत नाही. एक गावी आला की एकाने तिथे थांबायचं. नानांचा मुलगा मनाने मोठा. दर दिवाळीला तो माझ्या नवऱ्याला म्हणतो, "तू जाऊन ये, मी बघतो." म्हणून माझा नवरा दरवर्षी येतो. तो दारात उतरला की मला आनंद होतोच. पण त्याच वेळी नाना ओट्यावर उभे राहून त्याच्या पाठीमागून आणखी कोणी उतरतंय का ते बघत असतात. ते बघितलं की मी पाण्याचा तांब्या आधी नानांपुढे धरते.

मुलगा शेवटचा आला होता तेव्हा निघायच्या दिवशी त्याने बाजारातून बॅटरी आणून स्वतः बसवली होती. म्हणाला होता, "नाना, आता बघायला नको. मी यात्रेला येईन तवा हीच गाडी घेऊन मिरजेला या मला न्यायला." तेवढंच. त्यानंतर यात्रा येत राहिल्या. दर यात्रेच्या आधी नाना गाडी धुऊन, तपासून तयार ठेवत, आणि दर वेळी फोन यायचा की यंदा काही जमत नाही. नानी म्हणायच्या, आपणच जाऊन येऊ. नाना म्हणायचे, "आपुन गेलो मंजे त्यानं यायाचं कारनच ऱ्हात न्हाई." म्हणून दोघेही जात नसत, आणि धाकटी नात त्यांनी फोनमध्येच बघितलेली.

विट्याचे रज्जाकभाई वायरमन यांना हे सगळं ठाऊक नव्हतं. ते एकदा घरी येऊन गाडी बघून गेले. सकाळची थंड गाडी बघायची, म्हणून मुद्दाम लवकर आले. त्यांनी मीटरच्या दोन तारा बॅटरीला लावल्या. आकडा चांगला आला. नाना छाती काढून म्हणाले, "हाय का न्हाई?" रज्जाकभाईंनी मला किल्ली फिरवायला सांगितली. मी फिरवली आणि आकडा धाडकन खाली आला. "बसली," ते म्हणाले. "नुस्ती ठिवली की भरल्यागत दावती, नाना. भार टाकला की बसती. तुमचा हॉर्न, तुमचं घड्याळ, तुमची कुलपं, समदं हिच्यामुळं. गाडी फिरून आली की जरा भरती, मग दोन तास बरं चालतं. बॅटरी म्हातारी झाली. दुसरी टाका."

"तुजा मीटर बिगाडलाय," नाना म्हणाले.

"मीटर नवा हाय, नाना."

"बॅटरीबी नवीच हाय. पोरानं आत्ताच बसवलीय."

दारातून नानी म्हणाल्या, "आत्ता? आवं, तवा धाकटी पोटात हुती. आता दप्तर घिऊन शाळंत जाती."

नानांनी रज्जाकभाईंना चहा पाजला आणि दुसऱ्या दिवसापासून कऱ्हाडच्या वायरमनकडे जायला लागले. तो पण तेच म्हणाला, तेव्हा तासगावच्या. मग नानांनी स्वतःचा मीटर विकत आणला. त्यानेही तेच दाखवल्यावर तो दुकानदाराला परत करून आले, "फसवतोस व्हय रं?" म्हणून. सगळ्या जगाला संशयाने बघणारा हा माणूस एवढ्या एका गोष्टीत आंधळा का झाला, हे गावात कोणाला कळत नव्हतं. मला कळत होतं असं मी म्हणणार नाही. पण बॅटरी जुनी झाली असं मान्य केलं की किती यात्रा गेल्या तेही मान्य करावं लागणार होतं.

यंदा मात्र फोन आला की येतोय. बायकामुलांसह येतोय, तिकिटं काढलीत. माझ्या नवऱ्याने पण सांगितलं, "दादा यंदा नक्की येतोय. मी दुकानात थांबतो." मी "बरं" म्हणाले. यात्रेत घरी नसला तरी दिवाळीला येईलच, असं मनाला सांगितलं, आणि नानींबरोबर पुरणाची डाळ निवडायला बसले.

मुलगा यायच्या दिवशी पहाटे नानांनी नवा पायजमा-सदरा घातला, टोपी घातली आणि किल्ली स्वतः फिरवली. आतून नुसतं टक टक झालं. नानांनी परत फिरवली. तेवढंही झालं नाही. मी न सांगता गरम पाणी आणलं. त्यांनी ते ओतलं, पुसलं, हाताने टोकं पिळून बघितली. नानींनी म्हटलं, "आवं, भाड्याची गाडी सांगा. पोरगं ठेसनावर हुबं ऱ्हाईल." नाना म्हणाले, "त्यानं हीच घिऊन ये म्हनलंय." एवढंच म्हणाले, पण त्यांचा आवाज ऐकून नानी ओट्यावरून खाली उतरल्या. त्यांनी गल्लीतल्या चार जणांना हाका मारल्या. सगळ्यांनी मिळून गाडी देवळाच्या उतारापर्यंत ढकलली आणि उताराला ती चालू झाली. "हिला घिऊन जावा," नानी मला पुढे करत म्हणाल्या, "किल्लीला मानूस पायजेल."

मिरजेपर्यंत नानांनी गाडी कुठेही बंद केली नाही. रस्त्यात चहाला नाही, देवाला नाही. स्टेशनबाहेर उभी केली तीही चालूच. मला म्हणाले, "काय बी हू दे, बंद करू नगंस," आणि टोपी सारखी करत आत गेले. मी आत बसून राहिले. मागून रिक्षावाले ओरडू लागले, "ओ ताई, गाडी काढा की!" मला गाडी चालवता येत नाही, आणि ते ओरडून सांगण्यापेक्षा मेलेलं बरं असं मला वाटत होतं. मी एकदा हॉर्न वाजवला. एवढं अंतर चालून येऊनही करडूच ओरडलं. रिक्षावाले हसायला लागले. शेवटी त्यांच्यातला एक जण जवळ आला, "धूर किती करताय, ताई," म्हणाला, आणि खिडकीतून हात घालून त्याने किल्ली फिरवली. गाडी बंद पडली.

नाना आले तेव्हा त्यांच्या कडेवर नात होती. त्यांनी मुलाच्या हातातली पिशवीही घेतलेली होती, म्हणजे दोन्ही हात भरलेले, आणि चेहराही तसाच भरलेला. मी काही सांगायच्या आत मुलाने किल्ली फिरवून बघितली. मग हसत बोनेट उघडलं. "नाना, ही कवाची बॅटरी? फुगलीया की सगळी! कुनी गळ्यात मारली ही तुमच्या?"

मी नानांकडे बघितलं. नातीने त्यांची टोपी काढून स्वतःच्या डोक्यावर घातली होती. नाना मुलाकडे बघत होते. तो खरंच विसरला होता. त्याच्या तोंडावर नुसतं हसू होतं, दुसरं काही नव्हतं. दिवसभर भट्टीसमोर उभं राहणाऱ्या माणसाच्या डोक्यात अशा किती गोष्टी राहाव्यात!

"हुती आपली जुनी," नाना म्हणाले. "आसंल कुनीतरी बसवल्याली."

"म्या किती येळा सांगितलं, जुन्याला चिकटून बसू नगा."

"व्हय, व्हय. चुकलंच."

समोरच बॅटरीचं दुकान होतं. मुलाने नवी आणली आणि तिथेच उन्हात उभं राहून स्वतःच्या हाताने बसवली. नानांनी पाने हातात द्यायचं काम केलं. मागितल्यावर मागितलेला पाना, एकही प्रश्न न विचारता. मी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं. दुकानदाराने जुनी उचलून दुकानाच्या कडेला रचलेल्या जुन्या बॅटऱ्यांवर ठेवली. नाना पंच्याला हात पुसत म्हणाले, "ती आमी घरला न्हेली तर?" मुलगा म्हणाला, "बदल्यात घेतलीया त्यांनी, नाना. आनि काय करायची तिचं?" नाना म्हणाले, "तेबी खरंच."

परत येताना हॉर्न असा वाजत होता की रस्त्यावरची कुत्री बाजूला होत होती. पोरं सगळा रस्ता काचा वर-खाली करत होती आणि एकही काच अडकत नव्हती. यात्रा झाली. पुरणपोळ्या झाल्या, पालखी झाली, नातीला नानांनी खांद्यावर बसवून सगळं गाव दाखवलं. थोरल्या नातवाची गोठ्यातल्या म्हशीची भीती घालवली. एका रात्री माझ्या नवऱ्याचा फोन आला. मागे यात्रेचा ढोल त्याला ऐकू जात असणार, कारण त्याने आधी यंदा ढोल कोणाचा आहे ते विचारलं. मग म्हणाला, "नानांची गाडी झाली व्हय नीट?" मी म्हटलं, "झाली." आणि थोडा वेळ फोन तसाच ढोलाकडे धरला. आठवडा संपला आणि नाना त्यांना मिरजेला सोडून आले.

मग एक दिवस रज्जाकभाई रस्त्याने जाताना आपण होऊन थांबले. नानांनी त्यांचा राग मनात ठेवलेला नव्हता, आणि त्यांनीही नानांचा. त्यांनी मीटर लावला, मला किल्ली फिरवायला सांगितली, आणि खूश झाले. "झकास! एक नंबर टाकली पोरानं. आता चार-पाच वरसं बोनेट उगडायचं काम न्हाई, नाना."

"चार-पाच?" नाना म्हणाले.

"जास्तच, पर कमी न्हाई. आता ही काय लवकर जात न्हाई."

कोणी दुसरा असता तर हसला असता. मागची बॅटरी बसवून गेलेल्या मुलाला परत यायलाही तेवढीच वर्षं लागली होती. नानांनी बोनेट हळू लावलं आणि चहाचं विचारायचंही विसरले.

गाडीचं आता काहीच बिघडत नाही. परवा दुपारी मी वाळवण आत घ्यायला बाहेर आले. ऊन डोक्यावर होतं. नाना लिंबाच्या सावलीला बाजेवर पडले होते, डोळे मिटून. मी गाडीच्या बाजूने गेले आणि मला दिसलं, तिचे दिवे चालू आहेत. विसरले असतील म्हणून मी दार उघडून बटणाकडे हात नेला.

"असू दे, सूनबाई," नाना म्हणाले. त्यांनी डोळे उघडले नव्हते.

"बॅटरी उतरंल, नाना," मी हळूच म्हटलं.

"उतरंना जरा."

मी हात मागे घेतला आणि दाराचा आवाज होणार नाही असं ते लावलं. वाळवण उचलून घरात जाताना मी वळून बघितलं. भर उन्हात ते दिवे लागलेले आहेत हे कोणाला दिसलंही नसतं.